आष्टी-चिमूरची बातमी आणि वृत्तपत्रांचा तोल

१६ ऑगस्ट १९४२ ला नागपंचमी होती. त्या दिवशी तेव्हाच्या आर्वी तहसिलीतल्या आष्टी गावात लोक मोर्चाने पोलीस ठाण्यावर गेले. ठाण्यावर तिरंगा लावायचा होता. पोलिसांनी गोळीबार केला, आंदोलक पडले. मग खवळलेल्या जमावाने ठाण्यावर हल्ला केला आणि फौजदारासह पोलीस मारले गेले. त्याच दिवशी चांदा जिल्ह्यातल्या चिमूरलाही असेच घडले. गोळीबारात बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा गेला, आणि उपविभागीय अधिकारी व नायब तहसीलदारासह सरकारी माणसे जमावाच्या हातून मारली गेली. त्यानंतर दोन्ही ठिकाणी फौजफाटा आला, धरपकड झाली, खटले चालले आणि फाशीच्या शिक्षा झाल्या. हा इतिहास विदर्भात शाळकरी पोरांनाही ठाऊक असतो. पण त्याच्या पोटात वृत्तपत्रांचाही एक इतिहास आहे आणि तो फारसा सांगितला जात नाही. आष्टीचे वर्तमान आर्वीच्या बाजारात माणसांच्या तोंडून पोचत होते. चिमूरला काय झाले हे कळायला मात्र आर्वीच्या माणसाला पेपरच हवा होता. त्या पेपरात काय छापता येत होते, काय येत नव्हते, आणि संपादकांनी त्यावर काय केले, हे पाहिले तर राजकीय बातमीतला तोल म्हणजे काय, या आजही सतावणाऱ्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी हाती लागते. ते उत्तर असे, की तोल दोन्ही बाजूंना सारखी जागा देऊन साधत नाही. दोन्ही बाजूंच्या म्हणण्याला सारखीच कसोटी लावल्यानेच तो साधतो.

आधी कायदा पाहू. गवालिया टँकवर 'भारत छोडो'चा ठराव झाला त्याच दिवशी, म्हणजे ८ ऑगस्ट १९४२ ला, भारत सरकारने भारत संरक्षण नियमांखाली एक हुकूम काढला. काँग्रेसने मंजूर केलेले आंदोलन आणि ते मोडण्यासाठी सरकार करीत असलेले उपाय यांविषयीची प्रत्यक्ष घडामोडींची बातमी तीनच ठिकाणांहून घेता येईल, असे त्यात ठरवले होते. पहिले ठिकाण म्हणजे सरकारी सूत्रे. दुसरे म्हणजे असोसिएटेड प्रेस, युनायटेड प्रेस आणि ओरिएंट प्रेस या वृत्तसंस्था. तिसरे म्हणजे वृत्तपत्राच्या नियमित नोकरीतला आणि ज्याचे नाव जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे नोंदलेले आहे असा बातमीदार. याचा व्यवहारातला अर्थ सरळ होता. आर्वी-आष्टीकडची बातमी देणाऱ्याचे नाव वर्ध्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे असायला हवे होते, म्हणजे ज्या प्रशासनाच्या वागणुकीविषयी तो लिहिणार त्याच प्रशासनाच्या वहीत. खेड्यापाड्यांतून पत्रे पाठवणारे शिक्षक, वकील, कार्यकर्ते हे मराठी साप्ताहिकांचे डोळे-कान होते. या एका अटीने ते बाजूला पडले. त्यातच मध्यप्रांत-वऱ्हाडात १९३९ च्या नोव्हेंबरात काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्यापासून गव्हर्नरची राजवट होती. कायदेमंडळात उठून प्रश्न विचारायला कोणी उरले नव्हते. सरकारला जाब विचारण्याची जागा वृत्तपत्राच्या रकान्यांएवढीच शिल्लक होती, आणि तीही अशी आवळली गेली होती.

चिमूरला सैनिक आणि पोलीस पोचल्यानंतर तिथल्या स्त्रियांवर अत्याचार झाल्याच्या तक्रारी पुढे आल्या. नागपूरच्या स्त्री कार्यकर्त्या चिमूरला जाऊन बायकांशी बोलून आल्या. डॉ. बा. शि. मुंजे यांनीही जाऊन पाहणी केली. मुंजे हिंदुमहासभेचे, काँग्रेसचे राजकीय विरोधक. काँग्रेसच्या आंदोलनाची भलामण करण्याचे त्यांना काही कारण नव्हते, आणि म्हणूनच त्यांच्या साक्षीला वेगळे वजन होते. सरकारने मात्र आरोप फेटाळले आणि स्वतंत्र चौकशीला नकार दिला. सेवाग्राम आश्रमातले प्रा. जयकृष्ण भणसाळी दिल्लीला गेले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असलेले विदर्भाचे नेते बापूजी अणे यांना त्यांनी चौकशीसाठी साकडे घातले. तिथे काही झाले नाही, तेव्हा त्यांनी ११ नोव्हेंबर १९४२ पासून उपोषण धरले. ते चिमूरच्या वाटेला लागत, पोलीस त्यांना पकडून परत आणत. उपोषण ६३ दिवस चालले. त्यांची मागणी एवढीच होती की निःपक्ष चौकशी व्हावी आणि खरे-खोटे बाहेर यावे. मग सरकारने या उपोषणाची बातमी छापण्यावरच बंदी घातली. वर्ध्याच्या शेजारी एक माणूस अन्न सोडून बसला आहे, एवढेही वर्ध्याच्या माणसाला पेपरातून कळू नये, अशी ती व्यवस्था होती.

यावर संपादकांनी जे केले ते या प्रकरणातले सर्वांत शिकण्यासारखे पान आहे. अखिल भारतीय वृत्तपत्र संपादक परिषद १९४० च्या नोव्हेंबरात दिल्लीत स्थापन झाली होती आणि 'द हिंदू'चे कस्तुरी श्रीनिवासन तिचे पहिले अध्यक्ष होते. परिषद सरकारशी समजुतीने वागणारी होती. युद्धकाळात वृत्तपत्रांनी स्वतःहून संयम पाळावा, असे तिचे धोरण होते. पण भणसाळींच्या उपोषणाच्या बातमीवर बंदी आली तेव्हा या सबुरीने चालणाऱ्या परिषदेचाही धीर सुटला. ६ जानेवारी १९४३ ला देशभरातल्या वृत्तपत्रांनी एक दिवस अंक काढू नये, असे तिने ठरवले. त्याशिवाय गव्हर्नरांच्या निवासांतून निघणारी परिपत्रके, नववर्षाच्या पदव्यांची यादी आणि सरकारी सभासदांची भाषणे छापायची नाहीत, असाही निर्णय झाला. मात्र भाषणांच्या बाबतीत एक अपवाद मुद्दाम ठेवला होता. भाषणाच्या ज्या भागात सरकारचा निर्णय किंवा घोषणा असेल तो भाग छापायचा. १२ जानेवारीला तडजोड झाली, बंदी उठली आणि भणसाळींनी उपोषण सोडले. त्यांनी मागितलेली चौकशी मात्र झाली नाही. ६ जानेवारी हा मराठी वृत्तपत्रसृष्टीचा जन्मदिवस. १८३२ मध्ये याच तारखेला बाळशास्त्री जांभेकरांच्या 'दर्पण'चा पहिला अंक निघाला होता. १११ वर्षांनी त्याच दिवशी अंक बंद ठेवून वृत्तपत्रांनी आपल्या कामाची किंमत दाखवून दिली.

त्या ठरावातला अपवाद नीट पाहिला पाहिजे, कारण सगळा विचार तिथे एकवटला आहे. सरकारवर रागावलेल्या संपादकांना सरकारचा शब्दही छापणार नाही असे म्हणणे सोपे होते. त्यांनी तसे केले नाही. सरकारने काही ठरवले असेल, काही जाहीर केले असेल, तर ती घडलेली गोष्ट आहे, वाचकाच्या आयुष्यावर तिचा परिणाम होणार आहे, म्हणून ती छापलीच पाहिजे. पण सरकार स्वतःविषयी जे म्हणते, आपल्या वागण्याचे जे समर्थन करते, तो दावा आहे. त्या दाव्याचे उत्तर छापायला बंदी असेल, तर तो दावा फुकट वाहून नेण्याचे बंधन वृत्तपत्रावर नाही. घटना आणि दावा यांतला हा भेद रोजच्या बातमीत सहज पुसला जातो. मंत्री काय म्हणाले आणि विरोधी पक्षनेते काय म्हणाले हे दोन परिच्छेदांत शेजारी लावले की बातमी संतुलित झाली, असे मानले जाते. प्रत्यक्षात त्या बातमीत घडलेले काहीच नसते, दोन दावेच असतात. घटनेचा शोध घेण्याचे जे काम बातमीदाराचे होते, ते वाचकाच्या गळ्यात टाकलेले असते. १९४३ च्या संपादकांनी संकटाच्या घडीला हा भेद स्वच्छ ओळखला, आणि म्हणून त्यांचा बहिष्कार एकांगी ठरला नाही.

खोटा तोल दुसऱ्याही वाटेने येतो, आणि आष्टी-चिमूरच्या प्रकरणात ती वाट फार ठळक दिसते. जमावाने अधिकारी आणि पोलीस मारले, हे खरे होते. चिमूरच्या स्त्रिया अत्याचाराच्या तक्रारी करीत होत्या, हेही खरे होते. या दोन गोष्टी तागडीच्या दोन पारड्यांत घातल्या की दोन्हीकडून वाईट झाले असा निकाल लागतो आणि चौकशीचे कारणच उरत नाही. पण या दोन गोष्टी एकमेकींची उत्तरे नव्हेत. आष्टीच्या आणि चिमूरच्या हत्यांचा तपास झाला, आरोपी उभे राहिले, न्यायालयाने शिक्षा दिल्या. त्या बाजूचा हिशेब कायद्याच्या दारात मांडला गेला होता. स्त्रियांच्या तक्रारींचा हिशेब मांडायलाच नकार होता. मेलेल्या शिपायांचे दुःख सांगून जिवंत बायकांची तक्रार पुसता येत नाही, आणि उलटही नाही. हे उलट टोक आपल्या बाजूच्या लोकांनी लक्षात ठेवायला हवे. आष्टीच्या हुतात्म्यांचा गौरव लिहिताना ठाण्यात मारल्या गेलेल्या पोलिसांचा उल्लेख गाळणे, ते याच देशातले पगारी नोकर होते हे विसरणे, हीदेखील तोल गेल्याची खूण आहे. एकच कसोटी दोन्हीकडे लावायची तर आपल्याला अडचणीची वाटणारी घटनाही तितक्याच ठळकपणे लिहावी लागते. असे लिहिल्याने आष्टीच्या लोकांचे धैर्य कमी होत नाही. त्यांच्या कथेवर विश्वास ठेवायला वाचकाला जास्त आधार मिळतो.

यावर पहिला आक्षेप असा येतो की बातमीदार म्हणजे न्यायाधीश नव्हे. त्याने दोन्ही बाजू मांडाव्यात, निवाडा वाचक करील. हा आक्षेप नम्रतेचा वाटतो, पण त्यात एक चूक आहे. निवाडा करायला लागणारी साधने वाचकाजवळ असतात, असे त्यात गृहीत धरले आहे. आर्वीच्या सरकीच्या व्यापाऱ्याला किंवा हमालाला चिमूरला जाऊन बायकांशी बोलता येणार नव्हते. ते काम करण्यासाठीच तो पेपराला पैसे देत होता. बातमीदाराने शिक्षा सुनवायची नसते हे खरे, पण पुरावा गोळा करायचाच असतो. कोण प्रत्यक्ष हजर होते, कोणी ऐकीव सांगितले, कोणते म्हणणे कागदाशी जुळते आणि कोणते जुळत नाही, एवढे त्याने सांगितले तरच वाचकाचा निवाडा खरा निवाडा होतो. अमेरिकेत १९५० च्या फेब्रुवारीत सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांनी परराष्ट्र खात्यात साम्यवादी भरले आहेत, त्यांची यादी आपल्याजवळ आहे, असे जाहीर केले. यादीतला आकडा पुढच्या काही दिवसांत बदलत गेला. तरीही तिथल्या वृत्तपत्रांनी 'दोन्ही बाजू'च्या रिवाजाने आरोप मथळ्यात आणि इन्कार खालच्या ओळींत छापला. सिनेटने त्यांच्यावर ठपका ठेवायला १९५४ चा डिसेंबर उजाडला. तोवर कितीतरी माणसांच्या नोकऱ्या आणि नावे गेली होती. प्रत्येक बातमी नियमाने संतुलित होती. एकूण चित्र मात्र साफ खोटे होते.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. खरे काय हे संपादकच ठरवू लागला, तर प्रत्येक जण आपल्या पक्षाचे म्हणणे सत्य म्हणून छापील, आणि दोन बाजूंचा रिवाज निदान तेवढा तरी आळा घालतो, असे म्हटले जाते. या आक्षेपाला मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासातच आधार आहे. १८८१ मध्ये 'केसरी' आणि 'मराठा' निघाले. कोल्हापूरचे तरुण महाराज चौथे शिवाजी यांना वाईट वागणूक मिळते आहे, अशी बातमी पसरली होती. दिवाण माधवराव बर्वे यांच्या नावाची काही पत्रे हाती आली आणि या वृत्तपत्रांनी त्यांच्या आधारे बर्व्यांवर गंभीर आरोप केले. पत्रे बनावट निघाली. टिळक आणि आगरकर यांना १८८२ मध्ये बदनामीच्या खटल्यात चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. महाराजांविषयीची त्यांची काळजी निराधार नव्हती. १८८३ च्या डिसेंबरात अहमदनगरला, देखरेखीसाठी नेमलेल्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत महाराजांचा मृत्यू झाला. तरीही काळजी खरी होती म्हणून पत्रे खरी ठरत नाहीत. दोन अत्यंत प्रामाणिक माणसांनी आपल्या बाजूचा पुरावा विरोधकाच्या पुराव्याइतका कठोरपणे तपासला नाही, एवढाच या प्रकरणाचा धडा आहे. आक्षेप घेणाऱ्याला वाटते की या धड्याचे उत्तर दोन बाजूंचा रिवाज आहे. पण कोल्हापूर प्रकरणात बर्व्यांचा इन्कार शेजारी छापला असता, तरी बनावट पत्रे बनावटच राहिली असती, आणि वाचक दोन दाव्यांमध्ये लटकत राहिला असता. तिथे पत्रांची शहानिशा हवी होती. म्हणजे पक्षपात आणि खोटा तोल या दोन्ही रोगांवर औषध एकच, ते म्हणजे पुराव्याची पारख.

तिसरा आक्षेप असा, की १९४२ ची देशी वृत्तपत्रे तरी कुठे तटस्थ होती? ती नव्हतीच. गोपाळराव ओगल्यांनी १९१४ मध्ये सुरू केलेले नागपूरचे 'महाराष्ट्र' राष्ट्रीय बाण्याचे होते. भारत सेवक समाजाचा 'हितवाद' नेमस्त परंपरेतला. दोघांनाही मते होती आणि ती अग्रलेखात उघड होती. वृत्तपत्राला मत असणे हा दोष नव्हे. मत बातमीत चोरपावलांनी शिरते, किंवा मत नसल्याचे सोंग आणून बातमी पोकळ केली जाते, तेव्हा दोष घडतो. आगरकरांनी 'केसरी' सोडून १८८८ मध्ये 'सुधारक' काढला, तेव्हा वाचकाला दोन्ही पत्रांची भूमिका ठाऊक होती आणि तो दोन्ही वाचू शकत होता. उघड मत असलेल्या पत्राची बातमी वाचक सावधपणे वाचतो. निःपक्षपणाचा शिक्का मारून आलेल्या बातमीसमोर तो सावधपणा खाली ठेवतो. म्हणून खोटा तोल उघड पक्षपातापेक्षा जास्त फसवा असतो. उघड पक्षपात विरोधकाला दुखावतो. खोटा तोल कोणालाच दुखावत नाही, आणि म्हणून त्याविरुद्ध कोणी तक्रारही करीत नाही.

हा इतिहास आर्वीला आजही लागू आहे. वर्धा हा २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमधल्या विदर्भाच्या सहा जिल्ह्यांपैकी एक. कापूस-सोयाबीनच्या या पट्ट्यात शेतकरी आत्महत्यांची बातमी दोन आकड्यांच्या रूपाने येते. सरकारचा एक, शेतकरी संघटनांचा दुसरा. दोन्ही छापून बातमीदार मोकळा होतो आणि वाचक समजतो की हा राजकारणाचा वाद आहे, खरे कुठेतरी मध्ये असेल. पण या फरकाला कारण आहे आणि ते शोधता येते. मदतीसाठी प्रकरण 'पात्र' ठरायचे तर जमीन कुटुंबाच्या नावे हवी, कर्ज बँकेचे, सहकारी सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे हवे, आणि ते थकलेले हवे. दुसऱ्याची शेती ठेक्याने कसणारा, बिनपरवाना सावकाराकडून पैसे घेतलेला, सातबाऱ्यावर नाव नसलेला माणूस या निकषांतून गळतो. म्हणजे सरकारने पात्र ठरवलेली प्रकरणे आणि झालेल्या आत्महत्या हे दोन वेगळ्या गोष्टींचे आकडे आहेत. त्यांच्या मध्यावर सत्य नसते. कोणते प्रकरण कोणत्या निकषावर अपात्र ठरले, हे तहसील आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या कागदांतून दाखवले की वाद संपत नाही, पण तो खऱ्या जागी येतो. तो मग असा होतो, की निकष बरोबर आहेत का. अशी बातमी सरकारलाही न्याय देते, कारण आकडा लपवला हा आरोप प्रत्येक वेळी खरा नसतो, आणि शेतकऱ्याच्या घरालाही न्याय देते.

असे खोदकाम करायला वेळ, पैसा आणि माणूस लागतो, हे मान्य केले पाहिजे. तालुक्याच्या वार्ताहराला अनेकदा नीट पगार नसतो. जाहिराती आणायचे कामही त्याच्याकडेच असते आणि त्या जाहिराती पुष्कळदा स्थानिक नेत्यांच्याच असतात. २००९ च्या निवडणुकांनंतर पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा प्रश्न महाराष्ट्रात उघड्यावर आला आणि प्रेस कौन्सिललाही त्यावर समिती नेमावी लागली. अशा परिस्थितीत 'हे असे म्हणाले, ते तसे म्हणाले' ही बातमी स्वस्त पडते, कोणी रागावत नाही, आणि संध्याकाळच्या आत पान भरते. म्हणून सगळा दोष एकट्या बातमीदाराच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. पण १९४२ चे संपादक याहून सुखात नव्हते. त्यांच्यापुढे जप्ती होती, जामीन होते, तुरुंग होता, कागदाची टंचाई होती. जिल्हा दंडाधिकाऱ्याची वही होती. तरीही सरकारी निर्णय आणि सरकारी समर्थन यांत फरक करण्याची बुद्धी त्यांनी शाबूत ठेवली आणि त्यासाठी एक दिवसाचा अंक आणि सरकारची मर्जी घालवायची तयारी दाखवली. पुढे अनसूयाबाई काळे यांच्यासारख्यांनी आष्टी-चिमूरच्या कैद्यांसाठी अथक खटपट केली आणि १९४५ मध्ये फाशीच्या शिक्षा रद्द होऊन जन्मठेपेच्या झाल्या. या खटपटीमागे लोकमत उभे राहू शकले, कारण आष्टी आणि चिमूर ही नावे तोवर देशाला ठाऊक झाली होती. ती ठाऊक होण्यात वृत्तपत्रांच्या त्या हरताळाचा वाटा मोठा होता.

म्हणून वृत्तपत्राचा निःपक्षपणा मोजताना कोणाला किती ओळी मिळाल्या, हे माप पुरेसे नाही. वाचकाने बातमीला तीन प्रश्न विचारावेत. यात घडलेले काय आणि म्हटलेले काय? म्हटलेले तपासायला बातमीदार कुठे गेला, कोणता कागद त्याने पाहिला, कोणाशी बोलला? आणि पेपर ज्या बाजूचा आहे, त्या बाजूचे म्हणणेही त्याच कसाने घासले गेले का? हे प्रश्न विचारणारा वाचक आर्वीसारख्या गावात निर्माण झाला, तर स्थानिक बातमीदाराच्या पाठीशीही बळ उभे राहते, कारण मालकाला आणि नेत्याला सांगायला त्याच्याजवळ एक उत्तर असते, की लोक विचारतात. चिमूरच्या स्त्रियांच्या बाबतीत चौकशी झाली नाही, आणि ते अपुरेपण कोणत्याही हरताळाने भरून निघाले नाही. ते कायम आहे म्हणूनच, जिथे चौकशी शक्य आहे तिथे दोन पत्रके शेजारी छापून थांबण्याचा अधिकार आजच्या कोणत्याही वृत्तपत्राला उरत नाही.